शिफ्टिंगच्या ट्रकमध्ये काय चढत नाही, आणि मग त्याचं करायचं काय

पॅकर्स-मूव्हर्स बुक केले की बहुतेक जण निवांत होतात, आता सगळं तेच नेणार, आपण फक्त नव्या घराची किल्ली घेऊन निघायचं. मग शिफ्टिंगच्या दिवशी सकाळी त्यांचा सुपरवायझर घरभर एक चक्कर मारतो आणि सुरू होतो, हा सिलेंडर नाही जाणार, ते पेंटचे डबे नाही जाणार, ती बॅटरी बाजूला काढा, आणि खाली ट्रक उभा आणि तुम्ही हातात थिनरची बाटली धरून बघत बसलाय की हिला आता ठेवू कुठे. त्यामुळे कोटेशन घेतानाच कंपनीकडे विचारा की काय काय नेत नाही, आणि उत्तर लेखी घ्या, फोनवर "काही प्रॉब्लेम नाही सर" म्हणणारा माणूस लोडिंगच्या दिवशी तिथे नसतो. प्रत्येक कंपनीची यादी थोडी वेगळी असते, परदेशी जाणाऱ्या कंटेनरची तर खूपच कडक, पण मुख्य गोष्टी सगळीकडे त्याच.

आधी हे समजून घ्या की ते नाही का म्हणतात, म्हणजे यादीत नसलेल्या वस्तूचाही अंदाज तुम्हाला स्वतःला बांधता येईल. सामानाचा ट्रक म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी, आत हवा खेळत नाही, उन्हात उभा राहिला की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच वर जातं, रस्त्यात खड्डे, आणि लांबचा प्रवास असेल तर सामान मध्येच गोडाऊनमध्ये पडून राहतं किंवा त्याच ट्रकमध्ये अजून दोन घरांचं सामान असतं. तुमची एक बाटली फुटली तर दुसऱ्या कुणाचा सोफा जातो. म्हणून जे पेटतं, फुटतं, गळतं, सडतं किंवा मरतं, ते नाही. आणि जे हरवलं तर पैशाने परत आणता येत नाही, तेही नाही.

लोकांना वाटतं धोकादायक वस्तू म्हणजे पेट्रोल आणि फटाके, आपल्या घरात कुठे असलं काय. जरा बाथरूममध्ये आणि सिंकखालच्या कपाटात डोकावून बघा. डिओ, हेअर स्प्रे, रूम फ्रेशनर, झुरळं मारायचा स्प्रे हे सगळे प्रेशरचे कॅन, त्यांच्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ५० डिग्रीच्या वर तापू देऊ नका, आणि बंद ट्रक भर उन्हात तेवढा सहज तापतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन उणे २० डिग्रीच्या आसपाससुद्धा पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, पेट्रोल तर उणे ४० च्याही खाली, म्हणजे नेहमीच्या हवेत यांना फक्त एक ठिणगी लागते. परफ्यूम आणि सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं, तेही त्याच रांगेत. आणि ब्लीच. ब्लीच आणि अ‍ॅसिडवाला टॉयलेट क्लीनर एका खोक्यात भरले आणि दोन्ही गळले तर क्लोरीन गॅस तयार होतो, ब्लीच अमोनियावाल्या क्लीनरमध्ये मिसळलं तर क्लोरामीन, दोन्ही श्वासातून गेले की त्रास नक्की. घरी या बाटल्या वर्षानुवर्षं शेजारी शेजारी उभ्या असतात म्हणून आपल्याला काही वाटत नाही, पण घरातलं कपाट खड्ड्यातून जात नाही ना.

मग येते बाल्कनी, गॅरेज, माळा, जिथे आपण "लागेल कधीतरी" म्हणून ठेवलेलं सगळं असतं. ऑइल पेंट, थिनर, टर्पेंटाइन, वार्निश, रॉकेल, लायटरचं फ्युएल, काडेपेट्या, खत, कीटकनाशक, स्विमिंग पूलची क्लोरीन पावडर, यातलं काहीच जाणार नाही. जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेली फडकी गोळा करून ठेवली असतील तर ती तर आजच बघा, ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो, ट्रक यायचीही वाट बघत नाही. बंदूक किंवा काडतुसं असतील तर ती कुठल्याही खोक्यात न टाकता लायसन्सच्या नियमाने स्वतः न्यायची. स्कूटर, बाइक किंवा गवत कापायचं मशीन न्यायला कंपनी तयार असते, पण टाकीतलं पेट्रोल काढून मगच, आणि ते काम आदल्या दिवशी मोकळ्या हवेत करून ठेवा, दारात ट्रक उभा असताना नाही. गाडीची किंवा इन्व्हर्टरची अ‍ॅसिडवाली बॅटरी बऱ्याच कंपन्या घेत नाहीत, जुनी झाली असेल तर तशीही विकणाऱ्याला परत देऊन टाका.

गॅस सिलेंडरवर सगळ्यात जास्त वाद होतो. "अहो रिकामा आहे" हे वाक्य त्यांनी रोज ऐकलेलं असतं. शेगडी पेटायची बंद झाली तरी आत थोडा गॅस उरतोच, आणि हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर वर उडून जात नाही, ट्रकच्या तळाशी साठून राहतो. तो एजन्सीला परत करा आणि नव्या जागी कनेक्शन घ्या. घरात कुणी ऑक्सिजनवर असेल तर सप्लायरशी आधी बोला, नव्या पत्त्यावर सिलेंडर पोचल्याशिवाय जुना सोडू नका. आणि गंमत म्हणजे आग विझवायचा सिलेंडरही ट्रकमध्ये घेत नाहीत, कारण तोही प्रेशरचाच.

पूर्वीच्या याद्यांमध्ये फारशी नसायची अशी एक गोष्ट म्हणजे लिथियम बॅटरी. पॉवर बँक, ड्रिलच्या सुट्या बॅटऱ्या, ई-सायकल, मुलांची बॅटरीवरची मोठी खेळणी. दाबली गेली, भोक पडलं, शॉर्ट झाली तर अशी बॅटरी स्वतःच तापत जाते आणि लागलेली आग विझली असं वाटल्यावर परत पेटते. कंपनीला विचारा, आणि सुट्या बॅटऱ्या स्वतःजवळ ठेवा, टोकांना टेप लावून. विमानाने जाणार असाल तर पॉवर बँक केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये नाही, आणि साधारण १०० वॉट-अवरपर्यंत (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं माप) वेगळी परवानगी लागत नाही. हिशोब सोपा, २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-अवर होते. फुगलेली बॅटरी मात्र कुठेच नेऊ नका, ई-वेस्टला द्या.

खाण्याच्या गोष्टी: फ्रीजमधलं, फ्रीझरमधलं आणि उघडलेलं काहीही नाही. सीलबंद कोरडं सामान जवळच्या शिफ्टिंगला नेतात, पण ते वजनाने पैसे घेत असतील तर खरंच नेण्यासारखं आहे का बघा. फ्रीज आदल्या दिवशीच बंद करून, दार उघडं ठेवून, पुसून कोरडा करा, नाहीतर वितळलेलं पाणी दुसऱ्या खोक्यांत शिरतं.

झाडांना अंधार आणि उकाडा सहन होत नाही, शिवाय मातीतून कीड जाते म्हणून कित्येक देशांत आणि राज्यांत हद्द ओलांडून झाडं न्यायला बंदी किंवा तपासणी असते. कुत्रा, मांजर, मासे हे तुमच्यासोबतच, यावर चर्चाच नाही.

आता महत्त्वाचं. दागिने, रोख, पासपोर्ट, घराची कागदपत्रं, सर्टिफिकेटं, मेडिकल फाइल, रोजची औषधं, लॅपटॉप, हार्ड डिस्क, एकच प्रत असलेले जुने फोटो, आणि सगळ्या किल्ल्या. यात धोकादायक काहीच नाही, पण कंपनी याची जबाबदारी घेत नाही आणि विम्यातही रोख आणि दागिने सहसा वगळलेलेच असतात, करार वाचून बघा. माझ्या मते लोक हेच सगळ्यात हलक्यात घेतात, पेंटच्या डब्यावरून वाद घालतील आणि दागिन्यांचा डबा कपाटात कपड्यांमागे तसाच राहील. ही सगळी एकच बॅग करा, त्यात शिफ्टिंगचा करार आणि सामानाची यादीही टाका, आणि ती आदल्या रात्रीच गाडीत किंवा कुलूप लावलेल्या खोलीत ठेवा. दिसेल तिथे ठेवून "ही नको हां" असं सांगण्यात अर्थ नाही, पॅक करणारी पोरं इतकी फास्ट असतात की भरलेली कचऱ्याची बादलीसुद्धा पॅक होऊन नव्या घरी पोचते.

काही जण म्हणतात टाक ना खोक्यात मधोमध, कोण उघडून बघतंय. बरोबर आहे, बहुतेक वेळा कोणी बघत नाही. पण गळलं किंवा पेटलं तर तुम्ही स्वतः पॅक केलेल्या खोक्यात काय होतं हे तुमच्याच अंगावर येतं, क्लेम नाकारला जातो, दुसऱ्याच्या सामानाची भरपाईही मागू शकतात, आणि न सांगता धोकादायक माल पाठवणं हा बऱ्याच देशांत गुन्हा आहे.

मग उरलेल्याचं काय? महिनाभर आधीपासून क्लीनर, स्प्रे, तेल नवीन आणायचं बंद करा आणि आहे ते संपवत जा. अर्ध्या बाटल्या शेजारी आनंदाने घेतात. पाण्याचा पेंट थोडा असेल तर डबा उघडा ठेवून पूर्ण वाळू द्या, मग बहुतेक ठिकाणी तो साध्या कचऱ्यात चालतो. थिनर, ऑइल पेंट, कीटकनाशक, अ‍ॅसिड मात्र मोरीत किंवा नाल्यात ओतायचं नाही, नगरपालिकेचं घातक कचरा घेणारं केंद्र कुठे आहे आणि कुठल्या दिवशी चालू असतं ते वेळेत विचारून ठेवा. आणि नव्या घरी पहिल्याच संध्याकाळी फरशी पुसायचं लिक्विड, टॉयलेट क्लीनर, लायटर आणि डासांचं काहीतरी लागणारच, ते सामान पोचायच्या आधी तिथेच विकत घ्या.