रियाधजवळच्या कड्यावर जाताना या चुका टाळा

सोलापुरातून नोकरीसाठी रियाधला गेलेली मुले पहिल्या सुटीतच जबल फिहरैन हा कडा पाहायला निघतात. शहराच्या वायव्येला सुमारे ९० ते १०० किलोमीटरवर तुवैक डोंगररांग एकाएकी तुटते आणि जवळजवळ ३०० मीटर खाली वाळवंट पसरलेले दिसते. मी रियाधमध्ये अकरा वर्षे होतो. आता सोलापुरात असलो तरी निघण्यापूर्वी मुले मला फोन करतात, आणि प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य असते : “काका, आपण सोलापूरची माणसं, आपल्याला ऊन काय नवं?”

सगळ्यात घातक चूक हीच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ अंशांवर जातो हे खरे, पण आपल्या रस्त्यावर दर दोन-चार मैलांवर टपरी, विहीर किंवा वस्ती भेटते. तिथे डांबरी रस्ता सोडला की प्यायला पाणी मिळत नाही. शिवाय हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर येताच उडून जातो, सदरा ओला होत नाही, आणि आपल्याला घाम येतच नाही असा समज होतो. संध्याकाळी कॉलरवर मिठाची पांढरी रेघ दिसते, तेव्हा शरीरातून किती पाणी गेले ते कळते. मी माणशी पाच लिटर पाणी घेत असे आणि गाडीत दहा लिटरचा कॅन वेगळा ठेवत असे. तहानेची वाट न पाहता घड्याळ बघून दर अर्ध्या तासाला सर्वांना पाणी प्यायला लावत असे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी जरूर न्यावी, कारण ती उन्हात टिकते. मात्र चटणीच्या मिठाने तहान वाढते, हे धरून पाणी भरावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून तिथे जाऊच नये.

दुसरी चूक स्टेपनीची. एका डिसेंबरात आम्ही पाच जण एकाच गाडीने गेलो होतो. कच्च्या वाटेवर धारदार चुनखडीने टायरची बाजू चिरली. स्टेपनी काढली, तर तिच्यात हवा नव्हती. दुसऱ्याची गाडी मागून आणली होती आणि निघण्याच्या घाईत कोणीही स्टेपनी दाबून पाहिली नव्हती, मीसुद्धा नाही. हवा भरायचा पंप नव्हता, मोबाइलला रेंज नव्हती. अडीच तासांनी एक सौदी कुटुंब त्या वाटेने आले आणि त्यांनी आपला पंप दिला. मग जॅक लावला, तर तो मऊ मातीत रुतू लागला. शेवटी सपाट दगड शोधून त्याच्याखाली सरकवावा लागला. त्यानंतर मी आदल्या रात्रीच स्टेपनीची हवा मोजू लागलो, पंप आणि जॅकखाली ठेवायला हातभर लांब जाड फळी कायम डिकीत ठेवू लागलो, आणि दुसरी गाडी सोबत नसेल तर जाणेच रद्द करू लागलो. एका गाडीत सगळे मावतात म्हणून दुसरी टाळणाऱ्यांचे मला कधीच पटलेले नाही. फोर-बाय-फोर नसलेली भाड्याची छोटी गाडी तर त्या वाटेवर घालूच नये.

नकाशा घरूनच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा. कुठे जातो आणि किती वाजता परतणार, हे शहरात राहणाऱ्या एकाला सांगून ठेवावे. ठरल्या वेळेनंतर त्याने ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे. आभाळ भरले असेल तर निघू नये, कारण लांब कुठे पाऊस पडला तरी कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो. कड्याच्या टोकाला कठडा नाही आणि वरचा दगड ठिसूळ आहे. फोटोसाठी टोकावर पाय सोडून बसू नये.

मुलांना सर्वात जास्त राग येतो तो माझ्या वेळेचा. डिसेंबरात तिथे पाचनंतर लगेच सूर्य मावळतो, आणि अंधारात हेडलाइटच्या उजेडात दगड आणि खड्डा सारखेच दिसतात. कड्यावरून सूर्यास्त पाहण्याचा आग्रह मी कधीच मानला नाही. तीन वाजता गाडी परत वळवत असे, म्हणजे डांबरी रस्ता उजेडातच लागत असे.