गिअर जड पडतो? आधी इंजिन बंद करून पाहा
डिझेल गाडीचे गिअर जड पडू लागले, तर गिअरबॉक्स उघडण्याची घाई न करता गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करावी आणि इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून, एकेक गिअर टाकून पाहावा. इंजिन बंद असताना ते सहज पडत असतील आणि चालू असताना अडत असतील, किंवा रिव्हर्स करकरत असेल, तर क्लच पूर्ण सुटत नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळे होत नाही, असे समजावे. क्लच हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारा) असल्यास त्याच्या छोट्या टाकीतील द्रवाची पातळी आणि स्लेव्ह सिलिंडरची (द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या भागाची) गळती तपासावी. पेडल दोन-तीनदा भरभर दाबल्यावरच गिअर पडत असेल, तर द्रवाच्या नळीत हवा शिरल्याचा संशय घ्यावा. इंजिन बंद आणि चालू अशा दोन्ही वेळा गिअर जड पडत असल्यास दोष गिअरची केबल, लिंकेज (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी) किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा. रिव्हर्स सोडून एकच गिअर करकरत असेल, तर बहुधा त्याची सिंक्रोनायझर रिंग (गिअर पडताना फिरत्या भागांचा वेग जुळवणारी कडी) झिजलेली असते.