उरलेल्या कापडाचा वेस्टकोट: या चुका कात्री लावण्याआधीच टाळा

नाताळानंतरच्या लग्नांचे सूट शिवून झाले की आमच्या फोंड्यात घरोघरी सूटिंगचे तुकडे उरतात. मग कुणीतरी पिशवीतून असा तुकडा काढून वेस्टकोटाचं विचारतं, "बाय, यात जाकीट बसेल ना गे?"

बसतं. ५८ इंच पन्ह्याचं पाऊण मीटर असेल तर पुढचे दोन्ही भाग निघतात. पाठ तशीही अस्तराच्या कापडाची करायची रीत आहे. पण तुकडा लहान असला की हाव सुटते, आणि बिघाड तिथूनच सुरू होतो.

सगळ्यात महाग पडते ती उभ्या धाग्याची, म्हणजे किनारीला समांतर जाणाऱ्या धाग्याची चूक. भाच्याच्या जाकिटाचा एक भाग मी जरासा तिरका ठेवून कापला. सरळ ठेवला तर खालचं टोक तुकड्याबाहेर जात होतं. शिवून झाल्यावर छान दिसलं. चवथीपर्यंत तेच टोक अर्धा इंच खाली उतरलं आणि बटणांची रांग वाकडी झाली. असं झालं तर जाकीट दोन दिवस हँगरला लटकवून खालची कड पुन्हा बरोबर करता येते, पण कापडातला पीळ जात नाही. तुकड्याला किनार नसेल तर दोन्ही दिशांनी ओढून बघा. कमी ताणतो तो उभा धागा. कापड कमी पडलं तर जोड द्या, पण तो लपेल तिथे: आतल्या पट्टीला (पुढच्या कडेला आतून लागते ती) कमरेखाली, किंवा खिशाच्या पट्टीमागे.

दुसरी चूक सांगायला लाज वाटते. तुकडा एकेरी पसरून कापताना पॅटर्न उलटवायला विसरले आणि दोन्ही भाग डाव्या बाजूचेच निघाले! उलट-सुलट सारखं दिसणारं कापड असेल तर निभावतं, नाहीतर गेलं. आता मी पहिला भाग कापला की तोच उरलेल्या कापडावर सुलट बाजूवर सुलट बाजू ठेवून दुसरा आखते. चौकडा असेल तर रेघाही त्याचवेळी जुळतात.

कापड शिवल्यावर आटू नये म्हणून सुती किंवा लिनन असेल तर आधी भिजवून वाळवा. लोकरीच्या कापडावर ओला फडका ठेवून वाफ द्या. जुना तुकडा धुतलेलाच असेल, असं धरून चालू नका.

पावसाळ्यात आमच्याकडे कापड कपाटातसुद्धा दमट होतं. त्यावर तसंच फ्युजिंग (आतून इस्त्रीने चिकटवायचं, कडकपणा देणारं कापड) चिकटवलं तर पुढे फुगे येतात. आधी कोरडी इस्त्री फिरवा, मग फ्युजिंग ठेवून एका जागी दहा-बारा सेकंद दाबा, उचला, पुढे सरका. इस्त्री घासत नेऊ नका, आणि पूर्ण गार होईपर्यंत कापड हलवू नका. फुगा आलाच तर फडका ठेवून पुन्हा दाबा. तरीही बसला नाही तर गरम असतानाच सोलून नवं लावा.

गळ्याची कड तिरक्या धाग्यावर येते, म्हणून ती हाताळतानाच ताणते आणि घातल्यावर छातीपासून सुटून उभी राहते. कापल्याबरोबर तिला सुती फीत टीपून घ्या, फीत कडेपेक्षा किंचित आखूड ठेवून. मुंढा, म्हणजे हात घालायची जागा, सुटत असेल तर बाजूच्या टिपेत थोडं आत घ्या. खांदा उसवायला घाई करू नका.

अस्तर कडेबाहेर डोकावत असेल तर ते पुढच्या भागाएवढंच कापलंय. दोन-तीन मिलिमीटर लहान हवं. उलटवण्यासाठी बाजूच्या टिपेत चार-पाच इंच जागा सोडा. मी एकदा दोनच इंच सोडली आणि जाड ट्वीड बाहेर ओढताना टीप फाटली.

आणि तळहाताएवढा तुकडा शेवटपर्यंत राखून ठेवा. त्यावर फ्युजिंग आणि आतली पट्टी लावून एक काज करून बघा, मगच पुढच्या भागाला हात लावा.