युकेतल्या ट्रायब्युनलमध्ये केस सुनावणीआधीच का उडते, आणि काय सांभाळायचं

मिरज-सांगलीतनं नर्सिंगला, केअरच्या कामाला युकेला गेलेल्या कुणाला कामावरनं काढलं की घरचे म्हणतात केस टाक. टाका की, 2017 पासून तिथल्या एम्प्लॉयमेंट ट्रायब्युनलला, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टाला, फी पण नाही. पण माणूस खरा असला तरी केस पूर्ण सुनावणीपर्यंत पोचेलच असं नाही, म्हणून हे नीट वाचा.

आधी तारीख. तीन महिन्याला एक दिवस कमी, एवढीच मुदत धरा. 10 मार्चला काढलं तर 9 जूनपर्यंत अकासला (Acas, नोकरीच्या वादात आधी समेट करून बघणारी तिथली सरकारी संस्था) कळवायचं, त्यांचं सर्टिफिकेट आल्यावरच ट्रायब्युनलचा फॉर्म भरता येतो. कंपनीत अपील चालू आहे, एचआर बघतो म्हणालाय, म्हणून पोरं थांबतात आणि इथंच घात होतो, कारण अपील चालू असलं तरी मुदत पळतच असते. अकासकडं गेल्यावर ती थांबते, पण मुदत संपल्यावर गेलात तर काही उपयोग नाही. भेदभावाच्या केसमध्ये जज उशीर थोडा समजून घेऊ शकतात, नुसतं कामावरनं काढल्याच्या केसमध्ये फार कडक असतंय.

मग नाव, म्हणजे केस कुणावर टाकायची ते. केअर होमच्या बोर्डावर एक नाव, पगार देणारी लिमिटेड कंपनी दुसरीच, मधे एखादी एजन्सी. पेस्लिप आणि काँट्रॅक्ट काढून बघा, आणि अकासला दिलेलं नाव तेच फॉर्मवर टाका, नाहीतर फॉर्म परत येऊ शकतो आणि तेवढ्यात मुदत गेलेली असते.

चुकीच्या पद्धतीनं काढलं (अनफेअर डिसमिसल) अशी केस टाकायला सध्या साधारण दोन वर्षं नोकरी लागते. भेदभाव, गरोदरपण, कंपनीतला गैरप्रकार उघड केला म्हणून काढणं, याला ती अट नाही. तसं घडलं असेल तर कोण, कधी, काय बोललं ते स्पष्ट लिहा. नुसतं "अन्याय झाला" असं पानभर लिहिलं आणि जजला मुद्दा कच्चा वाटला तर एकेका मुद्द्याला 1,000 पाउंडापर्यंत डिपॉझिट भरायला सांगू शकतात, वेळेत नाही भरलं की तो मुद्दा गेला.

आणि गावी परत आलेल्यांनो, कृपा करून ईमेल रोज बघा, स्पॅमसुद्धा! ट्रायब्युनलची पत्रं तिथंच येतात. केस काढून का टाकू नये असं विचारणारं पत्र आलं तर दिलेल्या तारखेआत लेखी उत्तर द्या, तुमचं म्हणणं मांडायचा तो हक्क आहे. कागद जमायला वेळ लागणार असेल तर तारीख उलटायच्या आधीच मुदतवाढ मागा, कारण लिहा, आणि त्या ईमेलची कॉपी कंपनीच्या वकिलालाही पाठवा.