राणीच्या बागेत पोरांनी "शो कधी आहे?" विचारलं तर काय सांगायचं

पेंग्विनच्या काचेसमोर पोरं हे विचारतातच, मोबाईलवर डॉल्फिनच्या उड्या बघून बघून त्यांना वाटतं सगळीकडे असंच असतं. माझ्या भाचीनेही विचारलं, "मावशी, शो किती वाजता?" तेव्हापासून मी जसं सांगते तसं लिहितेय.

निघायच्या आधी घरातला जुना अल्बम काढा. राणीच्या बागेत हत्तीवर बसलेल्या आजीचा नाहीतर मामाचा फोटो मुंबईतल्या बऱ्याच घरांत सापडतो. आमच्याकडे आईचा आहे, रिबिनी बांधलेल्या दोन वेण्या, दोन्ही हातांनी हौद्याची कड घट्ट धरलेली, आणि खाली माहुताच्या हातात अंकुश. पोरांना तो अंकुश शोधायला लावा आणि कशासाठी असतो ते विचारा, तुम्ही काहीच बोलू नका. भाची बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "टोचायला?"

बुधवारी बाग बंद असते, तो दिवस टाळा. भायखळा पूर्वेला उतरून चालत जाता येतं. आत सावलीत बसून गोष्ट सांगा, आणि खरंच गोष्टीसारखी सांगा, लेक्चर नको. ही बाग 1862 ची. विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत इटालियन सर्कस बघितली आणि 1880 मध्ये आपली स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली, हे सांगताना मला आजही अभिमान वाटतो, तोही लपवू नका. मग लंडनच्या झूमधली चहापार्टी सांगा, ती 1926 पासून 1972 पर्यंत चालली, चिंपांझींना टेबलाशी बसवून कपबशी द्यायचे आणि लोक बघायला गर्दी करायचे. पण चिंपांझी एवढे पटकन शिकले की शहाण्यासारखे बसून चहा प्यायला लागले, मग लोकांना हसू येईना, म्हणून त्यांना मुद्दाम सांडासांड करायला शिकवलं. इथे पोरं आधी हसतात आणि मग गप्प होतात. तेवढा वेळ त्यांना द्या.

कायद्याचं थोडक्यात उरका. 1998 मध्ये सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ बंद केले, सर्कसवाले कोर्टात गेले, 2001 मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली. भारतात डॉल्फिन शोला 2013 मध्ये केंद्र सरकारने नकार दिला.

"मग प्राण्यांना काही शिकवायचंच नाही का?" असं विचारलं तर मात्र घाईने हो म्हणू नका. जगातल्या चांगल्या झूंमध्ये आजही शिकवतात, काठीच्या टोकाला चेंडू लावलेला असतो, प्राण्याने त्याला नाक लावलं की खाऊ मिळतो, असं करत करत वाघ स्वतःहून जाळीला टेकून उभा राहतो आणि भूल न देता रक्त काढता येतं. नको वाटलं तर तो निघून जाऊ शकतो, फरक इथेच आहे. घरी हाच खेळ खेळा, एकाने प्राणी व्हायचं, दुसऱ्याने न बोलता फक्त टाळी वाजवून त्याला खुर्चीपर्यंत न्यायचं. ओरडून काहीच होत नाही हे पाच मिनिटांत कळतं.

शेवटी परत पेंग्विनकडे या. काचेवर टकटक करू द्यायची नाही, एकच पेंग्विन निवडायचा आणि दहा मिनिटं त्यालाच बघायचं. भाचीचा पेंग्विन सात वेळा पाण्यात उतरला, आठव्यांदा कडेला येऊन नुसताच उभा राहिला. मी म्हटलं, थांबूया का अजून? ती म्हणाली, "नको, त्याला आत्ता नाही यायचंय."