खाणीतली काँग्रेस: आधी पाला धुवा, मग पंप उचला

सोलापूरहून तुळजापूर रस्त्याला आमची दगडखाण आणि खडी क्रशर आहे, मी तिथं सुपरवायझर. मृगाचा पाऊस पडला की मुरमाच्या ढिगांवर काँग्रेस, म्हणजे गाजर गवत, आणि कडेला येडी बाभळ. खाणीत तण वाढलं तर कुणाचं काय बिघडतं, असं मालकही म्हणायचे. पण आमचा मुरूम ट्रॉलीतून लोकांच्या शेतरस्त्यावर जातो आणि त्याच्यासोबत काँग्रेसचं बी. एका झाडाला हजारोंनी बी धरतं. शिवाय ती फुलली की आमच्या गड्यांचे हात खाजून लाल होतात.

पहिली दोन वर्षं औषध वाया गेलं. माप बरोबर होतं: ग्लायफोसेट हे तणनाशक ४१ टक्के, लिटरला १० मिली, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५०. पाणी मात्र खाणीच्या डबक्यातलं, जवळ पडतं म्हणून. पंधरा दिवसांनी बघतो तर शेंडे पिवळे आणि बुडं हिरवीगार. दगडकामात जन्म गेलेले आमचे तात्या आले, एक पान तोडलं आणि माझ्या तळहातावर झटकलं. पांढरी भुकटी पडली.

"साहेब, पान दिसतंय कुठं? तुम्ही दगडावर फवारलंय."

खरंच होतं. हे औषध मातीच्या कणाला चिकटलं की निकामी होतं. गढूळ पाण्यात ते पंपातच निम्मं मरतं, उरलेलं पानावरच्या भुकटीत अडकतं. पाणी जड असेल तर त्यातले क्षारही त्याला धरून ठेवतात. म्हणून आता नितळ पाणी टँकरनं आणतो आणि औषधाआधी पंपात लिटरला २० ग्रॅम अमोनियम सल्फेट विरघळवतो. फवारणी चांगली सर पडून गेल्यावर, क्रशर बंद असेल त्या दिवशी. पाऊस नसेल तर आदल्या संध्याकाळी टँकरच्या पाइपनं पाला धुऊन घ्यायचा. पान कोरडं झालं की सकाळी, वारा सुटायच्या आत. पुढं सहा तास तरी पाऊस नको.

झाड जमिनीला चिकटून, फुलाआधी असतानाच गाठा. फुलं आलेली काँग्रेस मी हातमोजे घालून उपटायला लावतो. फवारलेलं गवत पंधरा दिवस कापायचं नाही, औषध मुळापर्यंत उतरू द्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोलवाल्याकडूनच फवारून घ्यायची अधिसूचना काढली. तेव्हापासून पंप त्यांचा, तयारी आमची. मास्क, चष्मा, गमबूट यांवर मी अडून बसतो. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकणारा गडी त्या दिवशी घरी. रिकामी कॅन तिथल्या तिथं भोसकायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्यात पिण्याचं पाणी दिसतं. मेंढरं डबक्यावर येतात, म्हणून पाण्याच्या काठाला औषध नाहीच, तिथं खुरपं. मेंढपाळाला आदल्या दिवशी सांगून ठेवायचं.

टू-फोर-डी स्वस्त आहे आणि गवत राखून रुंद पानाचं तण मारतं, म्हणून ढिगाच्या उतारावर मोह होतो. मलाही झाला. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, पलीकडं द्राक्षबाग, दुपारचा वारा. आठवड्यात त्यांच्या कोवळ्या पानांचे पंखे झाले, शिरा उठून कडा दातेरी. भरपाई दिली, बोलणी खाल्ली ती वेगळी. शेजारी द्राक्ष, कापूस, तूर असेल तर या औषधाचं नाव काढू नका. आणि ज्या पंपात ते एकदा गेलं, तो पंप पिकाला कायमचा बाद.

येडी बाभळ फवारून मरत नाही, नुसती पानं गाळते. बुंध्याशी माती उकरून जमिनीखाली वीतभर तोडायची. तिथं जमलं नाही तर खुंटावर निम्मं ग्लायफोसेट, निम्मं पाणी ब्रशनं लावायचं. सालीलगतची कड महत्त्वाची, मधला लाकडाचा भाग सोडला तरी चालतो. मात्र तोडल्या तोडल्या, पाच-दहा मिनिटांत. चहा पिऊन आलात तर खुंट फुटलाच समजा.

ग्लायफोसेट जमिनीतल्या बियाला काही करत नाही, पुढच्या पावसाला नवी काँग्रेस येणारच. म्हणून मोकळ्या ढिगांवर पावसाआधी तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, बी फेकतो, तो दाट उठून तिला दाबतो. दिवाळीनंतर रस्त्याकडेच्या वाळक्या शेंगा गोळा केल्या की वर्षाची सोय होते. सध्या अर्धं पोतं बी ऑफिसच्या आढ्याला टांगलंय, खाली ठेवलं की उंदीर फस्त करतात.