बेस गिटारसाठी प्रीअँप निवडताना: दोन बँड, तीन बँड की बदलता मिड?

प्रीअँप म्हणजे बेसच्या आत बसणारं, सेलवर चालणारं सर्किट. ते आवाजाचे पट्टे, म्हणजे बँड, चढवतं-उतरवतं: लो (खालचा), मिड (मधला) आणि ट्रेबल (वरचा). दोन बँडमध्ये मिडचा नॉब नसतो, बदलत्या मिडमध्ये त्याची फ्रीक्वेन्सी सरकवता येते. दुकानात एकट्याने वाजवून प्रीअँप ठरवू नका. लो आणि ट्रेबल चढवलेला बेस एकट्याने ऐकताना झकासच वाटतो. ड्रम आणि दोन गिटार सुरू झाल्या की तोच गायब होतो.

बेसमध्ये आधीच प्रीअँप असेल तर ऐकून बघण्याआधी सेल नवा घाला, अँपचे नॉब मध्यावर ठेवा. नुसता ट्रेबल टोचत असेल तर प्रीअँप नकोच, पॅसिव्ह (बिनसेलचा) टोन नॉब पुरतो.

खरी निवड मिडची, आणि घोळ इथेच होतो. ई तारेचा मोकळा सूर 41 हर्ट्झचा. छोट्या स्पीकरमधून तो जवळपास येतच नाही. कान तो ओळखतो 82, 123 आणि त्यावरच्या उपस्वरांवरून. त्यामुळे ‘लो वाढव’ हा सर्रास मिळणारा सल्ला मला मुळीच पटत नाही. अँपची ताकद खर्च होते, किक ड्रमशी (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमशी) झटापट होते आणि सूर होता तितकाच अस्पष्ट राहतो.

त्यापेक्षा हे करा. बेस कोणताही ईक्यू (फ्रीक्वेन्सी चढवणं-उतरवणं) न लावता रेकॉर्ड करा, सोबत ड्रम आणि गिटारचे ट्रॅक ठेवा. संगणकातल्या ईक्यूवर 400 हर्ट्झ 5 डेसिबलने चढवून ऐका. मग ते काढून 800 चढवा. दर वेळी बेसचा एकूण आवाज पहिल्याइतकाच करून घ्या. हे चुकवलंत तर जे मोठं तेच चांगलं वाटेल आणि सगळी खटपट फुकट जाईल. आता अगदी हळू आवाजात ऐका. बेसची ओळ मुद्दाम कान न देता जिथे कळते, ती तुमची फ्रीक्वेन्सी.

ती ठरलेलीच असेल तर त्याच फ्रीक्वेन्सीचा साधा तीन बँडचा प्रीअँप घ्या. दोन्ही लागत असतील तर अ‍ॅग्विलारच्या ओबीपी-3 सारखा 400 आणि 800 मध्ये स्विच असलेला. गाण्यागणिक जागा सरकत असेल तरच बदलत्या मिडचे पैसे मोजा.

दोन बँड कमी प्रतीचे नाहीत. 1976 चा म्युझिक मॅन स्टिंगरे हा बेस त्यावरच गाजला. फक्त नॉब लो आणि ट्रेबल चढवण्यासोबत कमीही करतात का, हे बघा. लो आणि ट्रेबल दोन्ही उतरवले की मिड आपोआप पुढे येतो. ओबीपी-1 सारखा फक्त चढवणारा प्रीअँप ही सोय देत नाही.

18 व्होल्ट (9 चे दोन सेल) फक्त जोरदार स्लॅपला, म्हणजे अंगठ्याने तार आपटताना, आवाज फाटत असेल तरच. एरवी 9 पुरेत. विकत घेण्याआधी बेसचं मागचं झाकण उघडून सेलला जागा आहे का, ते मोजा.